वहिनीनं धुतलेलं विरजण

आमची बोर्गहिल्डवहिनी स्वच्छतेपायी वेडी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते, म्हणून इथंही सांगते. जळणाची लाकडं पुसून रचणारी बाई अख्ख्या नॉर्वेत दुसरी नसेल! लग्न होऊन आली तेव्हा तिनं आईचा काळाकुट्ट तवा घासून असा चकचकीत केला, की आई दिवसभर तवाच शोधत होती.

तर यंदा तिच्या लेकीचं, सिग्रुनचं लग्न ठरलं. लग्न म्हटलं की घरची बिअर आलीच. आमच्या वोसच्या खोऱ्यात लग्नाला दुकानातल्या बाटल्या मांडणं म्हणजे आपणच आपलं नाक कापून घेणं. आमच्याकडे बिअर करायची ती पुरुषांनी. आणि ऐन वेळी माझा भाऊ हाल्वर गोठ्याच्या माळ्यावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन बसला.

"कुणाला तरी बोलावू करायला," मी म्हटलं.

"आमच्या घरचं विरजण परक्याच्या हातात?" दादा पलंगावरून कडाडला. "पणजोबांपासून चालत आलंय ते! बोर्गहिल्ड करेल. मी इथून सांगतो. फार तर मदतीला मिकेल येईल."

मिकेल म्हणजे शेजारचा, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. वहिनीनं जन्मात कधी बिअर केली नव्हती, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला तो त्यामुळे नव्हे. मला दंडाला धरून तिनं अंगणात नेलं.

"वन्सं, विरजण म्हणजे चुलीच्या खोलीत खुंटीला लाकडाची मळकट साखळी होती, तीच ना गं?"

"होती म्हणजे?"

"ईस्टरच्या साफसफाईत मी ती सोड्याच्या पाण्यात उकळली. आणि घासली."

मी मटकन पायरीवर बसले. बिअर झाली की तिचा तळाला बसलेला साका त्या साखळीला माखून वाळवतात. पुढच्या खेपेला तीच साखळी जवाच्या गोड रसात सोडायची, की रस फसफसून त्याची बिअर होते. म्हणजे तो मळ हेच विरजण! आणि या बाईनं पणजोबांपासूनचं विरजण मोरीत सोडलं होतं. मला हसू आवरेना.

"हसतेस काय मेले!" वहिनी रडकुंडीला आली. "पोरीच्या लग्नात ह्यांची मान खाली जाईल. ह्यांना कळलं तर हे मला जन्मभर माफ करायचे नाहीत."

दोघी मिकेलकडे गेलो. वहिनीचं ऐकता ऐकता त्याला असा काही खोकला लागला की बिचारा डोळे पुसतच आत पळाला. येताना हातात विरजणाची बरणी होती.

"हाल्वरला सांगू नको हं," वहिनीनं त्याला शपथ घातली.

"छे छे! आपल्याला सवय आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा खोकायला लागला.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. मोठ्या तांब्याच्या हंड्यात वासाला ज्युनिपरच्या फांद्या टाकून पाणी उकळलं, मोड आणून वाळवलेले जव भिजवले, गोड रस गाळला, पुन्हा उकळला आणि पिंपात निवत ठेवला. दादाचा पलंग खिडकीशी ओढलेला. सबंध दिवस त्याचं तोंड चालू!

"कोपर बुडवून बघ! बाळाच्या अंघोळीइतकं कोमट हवं! झालं? मग सोड विरजण, आणि मार बोंब!"

विरजण सोडताना गळा फाडून ओरडायचं असतं. बोंब जितकी मोठी, बिअर तितकी कडक. आणि आमची वहिनी म्हणजे उंबऱ्याबाहेर आवाज न जाणारी! तिनं बरणी रिकामी केली आणि बारीकसं किंचाळली.

"उंदीर दिसला काय गं?" दादा खिडकीतून.

झालं! माळ्यावरून पडलेला नवरा, दिवसभराचे हुकूम, पोटात दडवलेलं गुपित, सगळं एकदम वर आलं, आणि वहिनीनं अशी बोंब ठोकली की कोंबड्या खुराड्यात पळाल्या. दादानं खिडकीतून तसंच उत्तर दिलं. मीही ओरडले. मिकेल मात्र पिंपाशीच घुटमळत होता.

सकाळी पाहतो तर काय, पिंपातून फेस उतू जाऊन पार दारापर्यंत आलेला! "बोंब लागू पडली!" म्हणून दादा खुदखुदत होता. कसली बोंब न कसलं काय!

लग्नाच्या दिवशी कुबड्या काखेत घेऊन त्यानं पहिला घोट घेतला. डोळे मिटले. "हीच! पणजोबांची चव!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वहिनीला काही ते सोसवेना. हातातले पेले खाली ठेवून तिनं सगळ्यांदेखत सगळं ओकून टाकलं: साखळी, सोडा, मिकेलची बरणी. दादा लालबुंद झाला. मी म्हटलं, आता काही खरं नाही. आणि एकाएकी तो खुबा धरून हसायलाच लागला.

"अगं, ती साखळी मेली आपल्या लग्नाच्या वर्षीच! मीच मारली. पहिल्यांदा एकट्यानं बिअर केली आणि उकळत्या रसात सोडली. बाबांना सांगायची छाती झाली नाही. तेव्हापासून दरवर्षी गुपचूप मिकेलकडूनच आणतो. यंदाही त्याला म्हटलं, ही बघत नसताना ओत."

"ओतलं की! एक बरणी हिनं, एक मी, म्हणून तर फेस दारापर्यंत आला," मिकेल हात झटकत म्हणाला. "दोघांनी शपथा घातलेल्या, मी तरी काय करणार?"

"म्हणजे आम्ही तुमच्या घरची बिअर पितोय इतकी वर्षं?" मी विचारलं.

"माझी कसली? आमच्या बाबांचं विरजण एकदा नासलं, तेव्हा तुमच्याच बाबांनी दिलेलं ते."

हसून हसून आमची पोटं दुखली. वहिनीनं दादाच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि त्याच्याच हातातला पेला घेऊन गटागटा पिऊन टाकला. असं खुललेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

सिग्रुन सासरी निघाली तेव्हा वहिनीनं तिच्या हातात विरजणाची बरणी दिली. "पोचलीस की आधी शेजारच्या घरी यातलं थोडं नेऊन दे," ती म्हणाली. "मग काय घासायचं ते घास."