धुळाक्षरांची धूळ

शाळेतल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं, त्या दिवशी आमची यशवंतपूरची शाळा बंद झाली. माझी धाकटी बहीण सुमी तिथे पहिलीत होती.

तिला घ्यायला मी कॉलेजातून जायची तेव्हा झाडूवाली अक्का व्हरांड्यात बसलेली असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. शेजारच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवत. तिथली करडी धूळ शाळेच्या खिडक्यांवर साचे. अक्का ती पदराने गोळा करी, फडक्यातून चाळी आणि धुळाक्षरं गिरवायला पाट्यांवर पसरी. मग एकेकाचं बोट धरून 'श्री' काढून देई. तिला तेवढंच अक्षर येत होतं.

"वाळूनं बोटं सोलतात गं पोरांची," ती म्हणायची. "ही बघ किती मऊ. तुमच्या कॉलेजात आहे का असली?"

सुमी धुळीचं बोट चाटायची. मी रागावले की अक्का हसून कानडी मिसळून म्हणायची, "चाटू दे स्वल्प. अक्षर पोटात गेलं की विसरायची नाही."

शिसं त्या धुळीतूनच गेलं, हे कळल्यावर ती हॉस्पिटलच्या दाराशी आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"सुमीला बाहेर आणतेस? तिचं बोट धुते."

सुमीला शुद्ध नव्हती. मी तसं सांगितलं. "सरी, बरं," म्हणून ती तिथेच खाली बसली.

सुमी त्यातून उठली नाही. अक्का पुन्हा दिसली नाही. पुढे आई-बाबाही गेले. सुमीला ओळखणारी आता मी एकटी उरले आहे.