माहेरावरून जाणारा टप्पा

रिले शर्यतीत नाशिकहून त्र्यंबकेश्वरवरून घोटीपर्यंतचा रस्ता आम्हा सहा जणांना मिळून पळायचा होता. एकाने आपला टप्पा संपवायचा, खांद्यावरचा केशरी पट्टा काढून पुढच्याच्या खांद्यावर घालायचा आणि मग गाडीत बसून केळी खायची. गंगापूर रोडच्या आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये हे सगळं फार गंभीरपणे चालतं. टप्पे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत दुसरा टप्पा निघाला आणि मी चिठ्ठी तशीच मुठीत दाबली, कारण त्या टप्प्यात माझं माहेर येत होतं.

मी बदलून मागितला. माझ्यानंतर पळणारी आमच्यातली डॉक्टर मुलगी म्हणाली, "का? चढ आहे म्हणून?" मी हो म्हणून टाकलं. चढाला भिते असं म्हटलं तर लोक हसतात आणि विसरतात. आईला भिते असं म्हटलं तर विचारत बसतात. पण ती काही टप्पा बदलायला तयार झाली नाही.

आईला म्हणजे, तिनं मला अर्ध्या चड्डीत बघण्याला. शेहेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, डांबरी रस्त्यावर गुडघ्याच्या वर कपडे घालून धावतेय, हे आमच्या गावात कुणी वर्षभर तरी चघळल्याशिवाय सोडलं नसतं. हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं सांगायला मला अजून जड जातं. ग्रुपमध्ये मी "त्र्यंबक रोडला आमचं फार्म आहे" असं सांगून ठेवलं होतं. तिथे खरं तर झेंडू आणि वांगी लावतात, घरात क्रेट रचलेले असतात आणि आई पहाटेपासून वाकून फुलं तोडते. सगळे म्हणायचे, एकदा फार्मवर ने ना गं. मी गेली दोन वर्षं टोलवाटोलवी करत होते. म्हणजे गावाला मी दिसायला नको होते आणि ग्रुपला गाव. दोन्हीकडून झाकायचं, आणि मध्ये रस्ता तेवढा एकच.

म्हणून मी उपाय केला. टोपी कपाळावर ओढली आणि मोठा काळा चष्मा लावला. रात्री सर पडून गेली होती, सकाळी आभाळ भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. नवऱ्यानं विचारलंसुद्धा, "याची गरज आहे का?" तो आमच्या टीमची गाडी चालवणार होता. मी म्हटलं, "असू दे."

पहिल्या गड्यानं पट्टा माझ्या खांद्यावर घातला तेव्हा आमची टीम शेवटून दुसरी होती. पुढचे सगळे कधीच निघून गेले होते. मागे एक पिवळ्या बनियनमधला मुलगा, आणि बाकी रस्ता रिकामा. माझं चांगलं चाललं होतं. ढाबे मागे पडले, मग रोपवाटिका, मग आमच्या शिवाराची सुरुवात. दसरा तोंडावर आला होता, दोन्ही बाजूंना झेंडू पेटलेला. मी मान खाली घातली आणि जोर वाढवला. एवढं शिवार पार केलं की सुटले, असं मनाला बजावत होते.

तेवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला आणि माझ्या बाजूला येऊन हळू झाला. मी बघितलंच नाही. पण मोटारसायकल पुढे जाईना.

"पोरी?"

आमचे धाकटे काका. रानातून घरी चालले होते. त्यांनी मला पाठीमागून ओळखलं होतं. डावा हात न हलवता पळायची माझी लहानपणापासूनची सवय. कॉलेजला असताना रोज एसटीच्या मागे मी तशीच पळायचे आणि तेव्हा कंडक्टरला हाका मारायला हेच काका असायचे. टोपी नि चष्मा लावून मी तोंड झाकलं, हाताचा विचारच केला नव्हता.

"काय झालं गं? अशी का पळती? बस गाडीवर."

मी मान हलवली. धापेमुळे शब्द फुटत नव्हता. शिवाय शर्यतीचा नियम, सोबत वाहन आलं तर टीम बाद. पिवळ्या बनियनवाला तर मागून सगळं बघत होता. मी हातानं काकांना पुढे जा, पुढे जा अशी खूण केली.

"पोरी, सांग तरी. कोणी काय केलं का?"

तेव्हा मी जे बोलले ते मला अजून रात्रीअपरात्री आठवतं. मी म्हटलं, "काही नाही काका. तुम्ही जा. घरी सांगू नका."

काकांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग गाडी वळवली आणि मळ्याच्या वाटेनं चिखल उडवत गेले. आणि मी, मला सांगायला लाज वाटते, सुटकेचा श्वास टाकला. नशीब, ऐकलं त्यांनी, असं वाटलं.

आमच्या गावातून आतला रस्ता निघतो तो पुढे फाट्यावर हमरस्त्याला मिळतो. त्या फाट्याजवळच्या मोकळ्या जागेतच माझा टप्पा संपत होता. लांबून मला माणसं दिसायला लागली. आमची गाडी, तिच्या शेजारी फुलांनी भरलेला एक टेम्पो, आणि मध्ये घोळका. मला वाटलं, अपघात झाला. जवळ गेल्यावर कळलं की टेम्पो आमचाच आहे, आणि माझ्या मोठ्या भावानं माझ्या नवऱ्याची कॉलर धरलेली आहे. नवऱ्याच्या हातात माझ्यासाठी अर्धं सोललेलं केळं होतं. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, फक्त आश्चर्य होतं.

दादाचं काही चुकलं नव्हतं. त्याला सांगण्यात आलं होतं की बहीण सासर सोडून पळत येतेय. फाट्यावर येऊन बघतो तर दाजी गाडी आडवी लावून वाट अडवून उभे. माणसानं दुसरं काय समजायचं?

"काय केलं तिला? बोला दाजी, काय केलं?" दादा विचारत होता. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटत होती. डॉक्टर मुलगी हात पुढे करून पट्ट्याची वाट बघत उभी होती आणि मान वळवून हे सगळं बघत होती.

आणि रस्त्याच्या मधोमध आई माझ्याकडे येत होती. पायात चप्पल नव्हती. हातात घरातली चादर होती. तोडणीतूनच उठून आली होती, बोटं हिरवी-काळी झालेली.

मी तिच्या बाजूनं वळसा घातला.

थांबले नाही. खांद्यावरचा पट्टा काढला, आईला चुकवून पुढे गेले, डॉक्टर मुलीच्या खांद्यावर घातला, "जा" म्हटलं. ती पळाली. एवढं झाल्यावर मी मागे वळले. आई तशीच उभी होती, चादर दोन्ही हातांत पसरून धरलेली. आपण कुणाला मिठी मारायला जावं आणि त्यानं वाकून चप्पल घालावी, तसं मी केलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला तिथे खरोखर वाटलं.

आई जवळ आली. तिनं चादर माझ्या कमरेभोवती गुंडाळली. मग दोन्ही हातांनी माझा काळा चष्मा काढला आणि आधी डावा डोळा बघितला, मग उजवा. तिच्या बोटांना झेंडूचा कडू वास येत होता.

"लागलं नाय ना कुठं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आई, शर्यत आहे गं."

सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. दादानं कॉलर सोडली, मग स्वतःच ती नीट केली आणि म्हणाला, "माफ करा दाजी." नवरा म्हणाला, "चालायचंच. केळं घ्या." तेव्हा आमचा ग्रुप हसला. वाईट हेतूनं नाही हसले, माणसं चांगली आहेत. एकानं आईला आणि मला शेजारी उभं करून फोटो काढला. दुसरी म्हणाली, "अगं, हेच का तुझं फार्म?" आई फोटोत हसली नाही. दादानं टेम्पोकडे बघितलं आणि म्हणाला, "आता मार्केट कुठलं." दसऱ्याआधीचा झेंडू होता तो. त्या एका सकाळीसाठी महिनाभर राबतात.

ग्रुपची गाडी पुढच्या टप्प्याकडे निघाली. नवऱ्याला जाणं भाग होतं. मी चादर गुंडाळून टेम्पोत बसले, आई आणि दादाच्या मध्ये, आणि कितीतरी महिन्यांनी माहेरी गेले.

अंगणात क्रेट उघड्यावर पडलेले होते. रात्रीच्या पावसामुळे ते मधल्या खोलीत रचून ठेवलेले असणार. आता ती खोली रिकामी होती. झाडून घेतलेली. गादी घालून वर धुतलेलं पांघरूण ठेवलं होतं. कपाटाचा एक कप्पा मोकळा केला होता. भाचीची पुस्तकं खिडकीत सरकवली होती. काका बातमी घेऊन आल्यापासून आम्ही परत येईपर्यंत, एवढ्या वेळात वहिनीनं हे सगळं केलं होतं. तिला कुणी काही समजावून सांगितलेलं नव्हतं. दारात येऊन तिनं मला विचारलं, "ताई, बॅग कुठं हाय?"

 दादानंच तिला बाजूला घेऊन शर्यतीचं सांगितलं. ती "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावून हसली आणि चहा टाकायला गेली. मी त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिले. या माणसांनी ओळखू नये म्हणून मी तोंड झाकून पळत होते, आणि त्यांनी न विचारता मला कायमची ठेवून घ्यायची तयारी केली होती.

काका ओट्यावर अपराध्यासारखे बसले होते. "घरी सांगू नका म्हणली," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "मग काय समजावं माणसानं? पोटावर तो नंबराचा कागद, म्हणलं दवाखान्यातनं आली का काय. अन् काळा चष्मा. मला वाटलं डोळा सुजला असंल. मारलं असंल."

"हो ना," आई म्हणाली. चष्मा अजून तिच्याच हातात होता. ती तो उलटसुलट करून बघत होती. मग तिनं दारातून वर आभाळाकडे बघितलं.

"आज तर ऊन नव्हतं," ती म्हणाली. "मग चष्मा कशाला घातला होता, बाई?"

तिनं आरोप केला नव्हता, सहज विचारलं होतं. वहिनी चहाचे कप घेऊन दारात थांबली. काकाही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "चिलटं जातात डोळ्यात. पळताना."

"हा, चिलटं लय असतात सकाळची," काका घाईनं म्हणाले.

आईनं चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाली, "दमली असशील. पड जरा. गादी घातलेलीच हाय." मी चहा न घेताच त्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडले. ती आत आली, चष्मा पदरानं पुसला आणि माझ्या उशाशी ठेवून गेली.