आबांची मंदी

मंदी आली म्हणून आनंदानं नाचणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, आमच्या वसतिगृहाचे आबा. मला तोवर एवढंच माहीत होतं की बाजार थंड की आमची चूल थंड. वडील कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात हमाली करीत. माल आला तर भाकरी, नाही आला तर कोरा चहा. थोरल्या बहिणीची शाळा सातवीत सुटली, कारण पुढची शाळा जीपनं गाठायची होती आणि भाड्याला पैसे नव्हते. मी जालन्यात बीएच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचले ती मुलींना फुकट ठेवणाऱ्या या वसतिगृहामुळे. हे सांगायला मला लाज नाही.

आबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. वसतिगृहासाठी देणग्या मागायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. चामड्याची पिशवी अजून खांद्याला. नवी मुलगी दारात आली की विचारायचे, "कुठपर्यंत?" ती घाबरत "बीएपर्यंत" म्हणाली की, "मंग पुढं सरका, जागा हाय!"

त्या वर्षी वसतिगृहाचा खर्च उचलणाऱ्या पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं, मंदीमुळे यंदा मदत जमणार नाही. इकडे लोखंडाच्या कारखान्यांत पाळ्या कमी झालेल्या, धान्यबाजाराचा मोंढा सुना. संस्थेच्या बैठकीत ठरलं, दिवाळीनंतर वसतिगृह बंद. म्हणजे मी परीक्षेआधीच गावी. आम्ही मुली रडत बसलेल्या, आणि आबा नाचत आले. "पोरींनो, मंदी आली! तेजीत शेठ एका कानानं फोन ऐकतोय, एका कानानं मला. आता दोन्ही कान रिकामे हायेत!"

मला सोबत घेऊन निघाले. पहिल्याच कारखानदारानं धंद्याचं रडगाणं लावलं. आबांनी सगळं ऐकलं, आपला डबा उघडून त्याला जेवू घातलं आणि उठले. रस्त्यात मी चिडले, "आबा, मागायचं राहिलं की! उलट आपणच देऊन आलो."

"अगं, रडत्या माणसापुढं पावतीपुस्तक काढतेत का? बिलकुल न्हाई."

तिसऱ्या दिवशी तेच शेठ वसतिगृहात हजर. "आबा, पैसा न्हाई. पण कँटीनचा आचारी बसून हाय, पगार तर मी देऊनच राह्यलो. पाठवू का?"

तिथून आबा पेटले. देणगी हा शब्दच सोडला, "रिकामं काय पडलंय?" एवढंच विचारायचे. जाफराबादला माल टाकून रिकामा परतणारा टेम्पो आमची भाजी आणू लागला. एक बँडवाला म्हणाला, "आबा, लग्नाच्या सुपाऱ्या न्हाईत. माझ्याकडं रिकामा फक्त बँड!" दुसरा कुणी हात जोडून परतला असता. आबांनी अख्खा बँड मोंढ्यात नेला आणि एकेका आडत दुकानापुढं उभा केला. "ज्वारीचं पोतं बाहेर येईस्तोवर वाजवा!" काय तो दणका! एक आडत्या कानांवर हात ठेवून ओरडला, "आबा, पोतं घ्या, पण ह्या क्लॅरिनेटवाल्याला आवरा!" "तूरडाळ बी द्या, मंग आवरतो जल्दी!" किती दिवसांनी मोंढा पोट धरून हसत होता. हमालांनी एक पैसा न घेता पोती टेम्पोत चढवली, तेव्हा हमालाची पोर म्हणून माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! आठवड्यात कोठीची खोली भरली आणि संस्थेनं बंदचा ठराव मागं घेतला.

आता आबांचे गुडघे गेलेत. मी भेटायला गेले की खाटेवरूनच उत्साहानं विचारतात, "काय गं, बाजार कसा हाय?" "बरा चाललाय," म्हटलं की चेहरा किंचित उतरतो.

त्या वर्षी वसतिगृह एक दिवसही बंद पडलं नाही. आम्ही सगळ्या परीक्षेला बसलो, आणि आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मी झाले.