मुलांच्या वतीनं

शेवगावच्या कोर्टात त्या बाई मला एकदाच भेटल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. आमचे वकील एकच, म्हणून आम्ही एका बाकावर बसलो होतो. त्यांचे यजमान वारले होते आणि वारस दाखल्यासाठी मुलांसह अर्ज करायचा होता. मुलगा जर्मनीत, मुलगी मस्कतला. दोघांनी तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन आईच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवलं होतं.

बाई सारखा डोक्यावरचा पदर सावरत होत्या.

वकील हळू आवाजात म्हणाले, "मावशी, आधी तुमची सही. मग मुलांच्या वतीनेही तुम्हीच करायची. जमेल ना?"

बाईंनी पेन घेतलं. "लेकरांना येळेवर विमान मिळालं न्हाई, साहेब. त्यांच्या वतीनं अग्नीबी मीच दिला. सहीचं काय?"

वकिलांनी अर्जावर सह्यांच्या जागा दाखवल्या. बाईंनी एकेक अक्षर जपून काढत सह्या केल्या. अर्ज दाखल झाला.

बाहेर व्हरांड्यात मुलाचा फोन आला. "व्हय, झालं समदं. तू जेवलास का?" एवढंच त्या बोलल्या. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. इतके दिवस सगळ्यांच्या वतीनं उभं राहिल्यावर स्वतःसाठी रडायला त्यांना तेव्हा कुठे सवड मिळाली असावी.