विलायती शाळेची मापं

इथे आखातात, खलिफा सिटीत एक शाळा बांधायची होती आणि मालकाला ती हुबेहूब विलायती हवी होती. इंग्लंडमधल्या एका जुन्या शाळेचे नकाशे आणि फोटो त्याने आमच्या ऑफिसात आणून टाकले. लाल विटा, उतरतं छप्पर, वर चार धुराडी. "हबीबी, चारही पाहिजेत!" आता या वाळवंटात शेकोटी कोण पेटवणार, डोंबल? शेवटी मी त्या धुराड्यांतून एसीचे पाइप काढले. इतकी वर्षं ड्रॉइंग करतोय, पण असला आचरटपणा पहिल्यांदाच केला.

त्याच वर्षी लेक शिकायला इंग्लंडला गेली, आणि योगायोग बघा, ती शाळा तिच्या हॉस्टेलपासून बसने अर्ध्या तासावर. आता तिथे वाचनालय आहे. बायको पुण्यात, सासूबाईंच्या आजारपणात अडकलेली. अल नहदाच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. घर खायला उठायचं. लेकीला फोन केला की, "ऑल गुड, बाबा." इथेच वाढलेली पोर, मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोन मिनिटांत खलास.

मग मी एक लबाडी केली. म्हटलं, "अगं, त्या शाळेच्या खिडकीचं माप हवंय. जाशील का?" नकाशावर सगळी मापं होती. पण ती गेली, आणि तिथूनच तिने व्हिडिओ कॉल लावला. खिडकीचा खालचा काठ तिच्या डोक्याच्याही वर होता.

"व्हाय सो हाय, बाबा?"

"पोरांनी बाहेर बघत बसू नये म्हणून!"

काय हसली! तासभर बोललो आम्ही. पुढच्या रविवारी मुलामुलींची वेगवेगळी दारं, मग दगडी कमान, मग जिना. रविवारी मी सकाळीच दाढी करून बसायला लागलो.

पाचव्या रविवारी कॉल आला नाही, मेल आली. आदल्या दिवशी मैत्रिणीला घेऊन तिने उरलेली सगळी इमारत मोजून काढली होती, फोटोंसकट, व्यवस्थित तक्ता करून. खाली लिहिलं होतं, "ऑल डन! नाउ यू डोन्ट हॅव टू वेट फॉर संडेज."

पोरीने जीव लावून केलेलं काम. रागवायचं तरी कुणावर? मापं माझ्याकडे होतीच गं, मला तुझ्याशी बोलायचं होतं, एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, "शाब्बास, बाळा. खूप उपयोग झाला."