सायलेन्सची पाटी

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. औरंगाबादेतल्या एका वाचनालयात मी नवा कारकून होतो. भिंतीवरची 'खामोश' ही उर्दू पाटी पुसून तिथं इंग्रजीत 'सायलेन्स' लिहायचा हुकूम निघाला, आणि रंगवायला आला तो जुनी पाटी लिहिणारा पेंटरच.

आपलीच अक्षरं त्यानं पत्र्यावरून सावकाश खरवडली. मग बोटांनी जागा मोजली आणि उर्दूच्या सवयीनं उजवीकडून सुरुवात केली. शेवटचं अक्षर आधी. मला हसू आलं. पण शब्द पुरा झाला तेव्हा एकही अक्षर इकडचं तिकडं नव्हतं.

"साब, याचा मतलब काय? आन् आला कुठून?"

मी मोठा कोश काढला. "गप्प राहणं. लॅटिनमधून आलाय. त्याआधीचं नक्की माहीत नाही, चाचा. पण एका जुन्या भाषेत असाच एक शब्द वारा पडण्यासाठी होता, म्हणतात."

ब्रश पुसणारा त्याचा हात थांबला.

"बराबर हाय. माजा जवान पोरगा गेला ॲक्शनच्या गडबडीत. तवापास्नं त्याची माय एक लफ्ज बोलली नाय. घरात वारा पडल्यावानीच हाय." मग त्यानं कोशाकडं पाहिलं. "वारा परत सुटतो, त्याला बी लफ्ज आसंल की यात?"

मी पानं उलटत राहिलो. तो डबे उचलून कधी गेला, कळलं नाही.

पुढं नोकरीभर मी त्याच पाटीकडं बोट दाखवून लोकांना गप्प केलं.