आईच्या मसाल्यातले दोन जिन्नस

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

लग्नाला सहा महिने झाले. आम्ही वाशिंदला राहतो आणि मी आत्ता कुठे स्वयंपाक शिकतेय. मोहरी, जिरं, हळद, हिंग असं करत मिसळणाचा डबा भरला. राहिला होता फक्त घरचा लाल मसाला. आईने फोनवर यादी सांगितली. मी सगळं आणलं, वाळवलं, भाजलं आणि आज धसईला आईच्या नेहमीच्या कांडपवाल्या मावशींकडे घेऊन गेले.

मावशींनी पिशवीत हात घालून बघितलं. "आयेची यादी ना? यात दोन जिन्नस नाय."

"कोणते?"

"ते मी नाय सांगणार गो. आयेला इचार."

वाटलं, आई विसरली असेल. तिथूनच फोन लावला.

आई शांतपणे म्हणाली, "इसरले नाय. ते वयनीला सांगितलेत. घरचा मसाला घरातच राहतो. तू आता सासूचा शिक."

माझ्या सासूबाई विकतचा मसाला वापरतात, हे आईला चांगलं माहीत आहे.

वहिनी दोन वर्षांपूर्वी घरात आली. मी त्याच घरात दर उन्हाळ्यात शिंकत शिंकत मिरच्यांची देठं खुडलीत.

"मग असाच कांडू?" मावशींनी विचारलं. मी मान हलवली. बरणी आता ओट्यावर आहे. रंग अगदी आईच्या मसाल्याचा आलाय.

तुमच्यापैकी कुणाला माहेरची यादी पूर्ण मिळाली? मिळाली असं वाटत असेल, तर एकदा आईच्या कांडपवालीला दाखवून बघा.